बेळगाव ते मुंबई विमानाने किती अंतर, किती वेळ? नंदगड-खानापूरकरांसाठी हिशोब

बेळगावच्या सांबरा विमानतळावरून मुंबई विमानतळ सरळ रेषेत सुमारे ४०५ किलोमीटर आहे. रस्त्याने हेच अंतर पाचशेच्या घरात जाते. वेळापत्रकात या प्रवासाला साधारण एक ते सव्वा तास दाखवलेला असतो.

आता कुणी म्हणेल, विमान ताशी ८०० किलोमीटरने जाते, मग अर्ध्या तासात पोहोचायला हवे. तसे होत नाही. एवढ्या कमी पल्ल्यात निम्मा वेळ चढण्या-उतरण्यातच जातो आणि पूर्ण वेग जेमतेम काही मिनिटे मिळतो. शिवाय तिकिटावरची वेळ ही विमान जागेवरून हलल्यापासून मुंबईत जागेवर थांबेपर्यंतची असते. धावपट्टीपर्यंत जाणे, रांगेत थांबणे हे सगळे त्यातच आले. मुंबईत गर्दी असली की विमान आकाशात घिरट्या घालत राहते, पावसाळ्यात तर हे नेहमीचेच.

सांबऱ्याहून इतर शहरांची सरळ अंतरे अशी: पुणे ३१०, हैदराबाद ४३५, बेंगळुरू ४४५ आणि दिल्ली सुमारे १४३० किलोमीटर. दिल्लीला अडीच तासांच्या आसपास लागतात. हैदराबाद-बेंगळुरूला तास-सव्वा तास धरा. पंख्याचे एटीआर विमान असेल तर थोडा जास्त. कोणत्या शहराला कोणत्या दिवशी विमान आहे हे हंगामानुसार बदलते, त्यामुळे तिकीट काढताना ताजे वेळापत्रक बघावेच.

पण नंदगडच्या माणसाचा प्रवास सांबऱ्यात सुरू होत नाही. नंदगड, खानापूर, बेळगाव शहर आणि मग शहराच्या पूर्वेला सांबरा, हे अंतर पन्नास किलोमीटरच्या आत-बाहेर. शहरातली गर्दी धरून गाडीला दीड तास ठेवावा. सामान देण्याचा काउंटर विमान सुटण्याच्या ४५ ते ६० मिनिटे आधी बंद होतो, म्हणून दीड-दोन तास आधी पोहोचलेले बरे. मुंबईत उतरून बाहेर पडायला आणि दादर-ठाण्याला जायला आणखी दीड तास. एकूण बेरीज सहा तासांच्या आसपास. रात्रीच्या बसला बेळगावहून नऊ-दहा तास लागतात, पण ते झोपेत जातात! दवाखान्याची तारीख असेल, म्हातारे माणूस सोबत असेल, तर विमानच बरे. पुण्याला मात्र विमानाने वेळ फारसा वाचत नाही.

नकाशावर नंदगडहून हुबळी विमानतळ सरळ रेषेत ६० किलोमीटर, मोपा आणि दाबोळी ८० च्या आसपास, तर कोल्हापूर १२० च्या पुढे. गोवा जवळ वाटतो, पण मधे सह्याद्री आहे. घाटाच्या वळणांनी अंतर आणि वेळ दोन्ही वाढतात. तरीही आखाताकडे जाणाऱ्यांची नजर गोव्याकडे असते, कारण सांबऱ्याहून परदेशी विमान नाही. १९४२ साली ब्रिटिश हवाई दलाने बांधलेला हा तळ. नवी टर्मिनल इमारत २०१७ मध्ये सुरू झाली, तरी इथून देशांतर्गतच उड्डाणे होतात.

मुंबईमार्गे दुबईला जाणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावे. तिकिटावर पोहोचण्याची वेळ तिथल्या घड्याळाची असते आणि दुबई आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे. म्हणजे सकाळी १० ला निघून ११:३० ला पोहोचणार असे दिसले, तरी प्रवास तीन तासांचा असतो. बेळगावचे विमान आणि पुढचे विमान वेगवेगळ्या तिकिटांवर असतील तर मधे किमान चार-पाच तास ठेवावेत. पहिले विमान उशिरा आले म्हणून दुसरे चुकले, तर त्या तिकिटाचे पैसे सहसा परत मिळत नाहीत.