रक्ताची उणीव आणि वेळेचें गणित

रणांगण असो, बाळंतिणीची खोली असो, कीं रस्त्यावरील अपघात असो, रक्तस्राव वैद्याला विचार करावयास फारसा अवधि देत नाहीं. रक्त देण्याजोगीं धडधाकट माणसें शहरांत हजारों असतांहि रुग्ण दगावत असे. कारण तीं माणसें त्या घटकेला त्याच्या खाटेपाशीं नसत. उणीव रक्ताची होती, तितकीच ती वेळेचीहि होती.

बाळंतपणांत अतिरक्तस्रावानें मरण पावणाऱ्या स्त्रिया पाहून लंडनच्या डॉ. जेम्स ब्लंडेल यांनीं १८१८ सालीं एका मनुष्याचें रक्त दुसऱ्यास देण्याचा प्रयोग केला. परंतु कोणाचें रक्त कोणास मानवतें, हें गूढच होतें. तें व्हिएन्नाच्या कार्ल लँडस्टायनर यांनीं १९०१ सालीं रक्तगट दाखवून उकललें. सोडियम सायट्रेट मिसळलें असतां रक्त साकळत नाहीं, हें १९१४-१५ मध्यें सिद्ध झालें. इतकें होऊनहि रुग्णालयाच्या दारांतील प्रश्न कायम राहिला. मध्यरात्रीं जखमी आला, तर रक्तदाता आणावा कोठून?

या प्रश्नाचें एक समर्पक उत्तर डॉक्टर नसलेल्या गृहस्थानें दिलें. पर्सी लेन ऑलिव्हर हे लंडनच्या कँबरवेल भागांतील रेडक्रॉसचे चिटणीस होते. १९२१ सालीं किंग्ज कॉलेज रुग्णालयानें त्यांच्याकडे तांतडीनें रक्तदाता मागितला. ऑलिव्हर कांहीं स्वयंसेवकांसह गेले आणि त्यांतील एका परिचारिकेचें रक्त जुळलें. हा शोध संकटापूर्वींच करून ठेवला पाहिजे, हें त्यांनीं ओळखलें. स्वेच्छेनें रक्त देणाऱ्यांचीं नांवें, पत्ते व गट टिपून त्यांनीं यादी सिद्ध केली. निरोप येतांच दाता रुग्णालयांत हजर होई, आणि पैसा घेत नसे.

तथापि दाता पोंचेपर्यंतचा काळ उरलाच. रक्तच आधीं काढून ठेवावें, ही पुढची पायरी. १९१७ सालीं महायुद्धाच्या पश्चिम आघाडीवर ऑस्वाल्ड रॉबर्टसन यांनीं रक्ताच्या बाटल्या बर्फाच्या पेटींत राखून ती युक्ति यशस्वी केली होती. मार्च १९३७ मध्यें शिकागोच्या कुक काउंटी रुग्णालयांत डॉ. बर्नार्ड फँटस यांनीं असा साठा उघडला आणि त्यास ‘ब्लड बँक’, म्हणजे रक्तपेढी, असें नांव दिलें.

नांव मोठें मार्मिक आहे. ज्या पेढींत कोणी ठेव ठेवीत नाहीं, तिच्यांतून काढावयाचें काय? शिवाय ही ठेव व्याजानें वाढत नाहीं, नासते. तांबड्या पेशी फार तर ३५ ते ४२ दिवस टिकतात. रक्तबिंबिका सुमारें ५ दिवसच. उन्हाळ्याच्या सुटींत महाविद्यालयें बंद झालीं कीं शिबिरें रोडावतात. अपघात मात्र सुटी घेत नाहींत. अशा वेळीं ठरलेल्या शस्त्रक्रिया पुढें ढकलतां येतात, पण आंतून रक्त वाहणाऱ्या मनुष्याला उद्यां या, असें सांगतां येत नाहीं. मग नातेवाईक दारोदार हिंडूं लागतात, आणि १९२१ च्या पूर्वीचा काळ पुन्हां अवतरतो.

१९५२ सालीं मुंबईच्या डॉ. भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनीं एक दुर्मिळ रक्तगट जगापुढें आणला. ‘बाँबे’ नांवानेंच तो ओळखला जातो. भारतांत असा मनुष्य सुमारें १०,००० त एक आढळतो, आणि त्याला ‘ओ’ गटाचें रक्तहि चालत नाहीं. त्याच्यासाठीं पेढीच्या शीतकपाटांत बाटली सांपडेलच, असें नाहीं. त्याच्याच गटाच्या माणसांचीं नांवें आधीं टिपून ठेवावीं लागतात. म्हणजे ऑलिव्हर यांची यादीच पुन्हां उपयोगी पडते.

श्रोत्यांनीं एवढें ध्यानांत घ्यावें कीं, शास्त्रानें रक्त टिकविलें, गट जुळविले, पण रक्त निर्माण करणारा कारखाना मानवी देहच राहिला. अपघातांत सांपडलेल्याला उपयोगी पडतें तें त्याची वार्ता ऐकून दिलेलें रक्त नव्हे; तो सुखरूप घरीं असतांना कोणा अनोळखी मनुष्यानें आधींच दिलेलें रक्त होय.