कोंबडीच्या दाण्यातले औषध

इतिहास म्हटला की तलवारी नि तह आठवतात. मला मात्र आज कोंबडीच्या पिल्लांचा इतिहास सांगायचा आहे. आपले यल्लाप्रगडा सुब्बाराव अमेरिकेतल्या लेडर्ली प्रयोगशाळेत संशोधनाचे प्रमुख असताना तिथे ऑरिओमायसिन सापडले. १९४८ साली ते जगापुढे आले. मग तिथल्याच ज्यूक्स आणि स्टॉकस्टॅड यांनी औषध काढून उरलेला चोथा पिल्लांच्या दाण्यात मिसळून पाहिला. पिल्ले भराभर वाढली! १९५० मध्ये ही बातमी फुटली, आणि धडधाकट कोंबड्यांना रोज चिमूटभर औषध चारायची रीत पडली. मला त्या दोघांना दोष द्यावासा वाटत नाही. स्वस्त अन्न कोणाला नको होते?

पुढे डॉ. स्टुअर्ट लेव्ही यांनी मॅसॅच्युसेट्समधल्या एका शेतावर कोंबड्यांना टेट्रासायक्लिन घातलेला दाणा दिला. आठवडाभरातच त्यांच्या आतड्यांतले जंतू औषधाला जुमानीनात. काही महिन्यांनी तसलेच जंतू शेतावरच्या माणसांच्या पोटातही निघाले. औषध तर त्यांनी घेतलेच नव्हते! हे १९७६ साली छापून आले. युरोपने वाढीसाठीचा हा खुराक पुरता बंद केला २००६ मध्ये. आपल्याकडे, माणसांसाठी शेवटचा उपाय म्हणून राखलेले कोलिस्टिन कोंबड्यांना द्यायला बंदी झाली, ती २०१९ साली.