उत्तीर्ण आणि निवड

पोलादपूर-महाडकडील जुन्या पिढीच्या शिक्षणाचे माप दोन शब्दांत होत असे: ‘फायनल’ आणि ‘मॅट्रिक’. मराठी सातवीची व्हर्नाक्युलर फायनल झाली की प्राथमिक शिक्षकाची नोकरी धरता येई. मॅट्रिकची गोष्ट मात्र निराळी. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ नामावली. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले आणि १८५९ साली पहिली मॅट्रिक्युलेशन झाली. रानडे आणि भांडारकर त्याच पहिल्या तुकडीतले. विद्यापीठाच्या पटावर नाव चढविण्याची ही प्रवेशपरीक्षा. परंतु लोकांनी तिला शाळा संपल्याची खूण मानले. १९४९ पासून तिच्या जागी शालान्त परीक्षा आली, तेव्हा लोकांचा हा अर्थच नावात उतरला.

महाड तालुक्यातील नाते गावी १८९६ साली जन्मलेले चिंतामणराव देशमुख १९१२ च्या मॅट्रिकमध्ये विद्यापीठात पहिले आले. त्यांच्या पहिल्या येण्याने दुसऱ्या कोणाचे उत्तीर्ण होणे हुकले नाही. रेषा आधी ठरलेली असे. ती ओलांडील तो पास. न ओलांडणारा पुन्हा बसे. मॅट्रिकच्या ‘वाऱ्या’ हा शब्दप्रयोग त्यातूनच रूढ झाला.

‘निवड’ हा शब्द या कुळातला नव्हे. घाटापलीकडे साताऱ्यास १९६१ साली देशातील पहिली सैनिक शाळा निघाली. पुढे १९८५-८६ मध्ये झज्जर आणि आपली अमरावती येथे नवोदय विद्यालयाचा प्रयोग सुरू झाला. रायगड जिल्ह्याचे नवोदय माणगाव तालुक्यात निजामपूरला आहे. तेथे सहावीत जाण्यासाठी पाचवीतील मुले निवड-परीक्षा देतात. बुद्धिमत्ता, अंकगणित आणि भाषा असे तीन विभाग. मराठीतून उत्तरे देण्याची सोय. किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी. पण एका विद्यालयात जागा जास्तीत जास्त ८०.

येथे रेषा आधी आखलेली नसते. आरक्षणाच्या त्या त्या गटात शेवटच्या निवडलेल्या मुलाचे गुण हीच रेषा. तिलाच ‘कटऑफ’ म्हणतात. जागा भरल्या की पुढचे मूल कितीही हुशार असो, यादीबाहेर राहते. कोणी प्रवेश सोडला, तर ‘प्रतीक्षा यादी’तील मुलाचा नंबर लागतो. ही परीक्षा दुसऱ्यांदा देता येत नाही. येथे वारी एकदाच.

आणि तरीही घरोघर प्रश्न जुन्याच शब्दांत विचारला जातो: “काय रे, पास की नापास?” दहा-अकरा वर्षांच्या पोराला या प्रश्नाचे उत्तर नसते. त्याची पाचवी झालेली असते आणि गावाजवळच्या शाळेत सहावीचा वर्ग त्याची वाट पाहत असतो. जागा संपल्या, एवढेच घडलेले असते. ‘नापास’ हा मॅट्रिकच्या काळचा शब्द निवडीच्या परीक्षेला लावू नये, हे घरातल्या वडीलधाऱ्यांनी तरी ध्यानात ठेवावे. मुलाला सांगावयाचे ते इतकेच की, तुझी निवड झाली नाही. तू नापास झालेला नाहीस.