जुनी नळी, नवी दारू

वेदगंगेच्या काठी वसलेले मुरगूड हे कागलकर घाटग्यांच्या जहागिरीतले गाव, आणि त्याच्या पश्चिमेस भुदरगडाचा मुलूख. त्यामुळे 1844 साली सामानगड-भुदरगडच्या गडकऱ्यांनी आपल्या परंपरागत हक्कांसाठी जे बंड मांडले, त्याची धामधूम या टापूने जवळून पाहिली. पुढे 31 जुलै 1857 रोजी कोल्हापुरात 27 वी पलटण उठली, आणि दक्षिण महाराष्ट्रात हत्यारे काढून घेण्याचा सरकारी बडगा सुरू झाला. 1878 च्या कायद्याने तर ब्रिटिश मुलखात बिनपरवाना बंदूक बाळगणे हा गुन्हाच ठरला.

या संशयखोर राजनीतीचे एक दुय्यम, परंतु दूरगामी फळ असे की, हिंदी शिपायाच्या हाती गोऱ्या शिपायाहून एक पिढी मागचे हत्यार असावे, असा दंडक पडला. उठावानंतर त्याला आटे नसलेली, गुळगुळीत नळीची बंदूक मिळाली. गोऱ्या पलटणींनी 1871 साली मान्य झालेली मार्टिनी-हेन्री उचलली, तेव्हा हिंदी पलटणींच्या वाट्यास मागची स्नायडर आली. टाकाऊ झालेले हत्यार येथे मोडीत निघत नसे; ते पलटणीतून पोलीस ठाण्यात वा संस्थानिकांच्या सिलेखान्यात उतरे. बंदुकीचे वय एक आणि बाजारात मिळणाऱ्या दारूचे वय दुसरे, ही विसंगती, माझ्या मते, अशा उतरंडीतच रुजली.

मार्टिनी-हेन्री ही एकबारी बंदूक. मुठीखालचा दांडा खाली ओढला की मागचा ठोकळा झुके, रिकामे काडतूस बाहेर फेकले जाई आणि नवे बोटाने आत सारावे लागे. त्या काडतुसात 85 ग्रेन काळी दारू आणि 480 ग्रेन वजनाची शिशाची गोळी असे. काळी दारू म्हणजे शेकडा 75 भाग सोरा, 15 भाग कोळसा व 10 भाग गंधक यांचे मिश्रण. तिचा निम्म्याहून अधिक अंश धूर व काजळी होऊन जातो, आणि नळीतला दाब वाढला म्हणून तिच्या जळण्याचा वेग बेसुमार चढत नाही. म्हणूनच काडतूस काठोकाठ भरले तरी तो अविचार ठरत नसे. किंबहुना तसेच भरावयाचे असे.

बिनधुराच्या दारूची प्रकृती नेमकी उलट. दाब चढला की ती अधिक वेगाने जळते, आणि वेगाने जळाली की दाब आणखी चढतो. शिकारी मंडळी पेटीतल्या अवजारांनी काडतुसे घरीच भरीत, आणि तीही वजनाने नव्हे, मापाने. अशा हाताने जुन्या मापात नवी दारू ओतली, तर नळी फाटण्याचा धोका मोठा. विलायती कारखानदारांनी यावर तोड काढली ती तोलून घेतलेल्या अल्प कॉर्डाइटची, म्हणजे बिनधुराच्याच एका दारूची, जेणेकरून जुन्या नळीस जुनाच वेग व सोसवेल इतकाच दाब मिळावा. तथापि गोळीचा वेग तोच राहिला म्हणजे दाबही तोच राहिला, असे मानणे भाबडेपणाचे आहे.

मार्टिनीच्या ठोकळ्यास उगाच दूषण देऊ नये. .303 चे काडतूस 1888 साली काळ्या दारूनिशी आले आणि थोड्याच वर्षांत त्यात कॉर्डाइट शिरले; त्यासाठी जुन्या मार्टिनीला नव्या नळ्या बसविल्या, आणि ठोकळ्याने तो भार पेलला. दुबळी होती ती जुनी मऊ नळी आणि पातळ पितळी पत्र्याचे वेटाळलेले काडतूस. दाब मोजण्याची त्या काळची रीत म्हणजे तांब्याचा लहानसा तुकडा किती चेपला हे पाहणे; .303 च्या पुढील काडतुसांस त्या रीतीने दर चौरस इंचास 18 ते 19 टन भरत. आजच्या विद्युत्-मापनाने तोच आकडा बराच मोठा दिसतो, म्हणून जुन्या-नव्या कोष्टकांची सरमिसळ करणाऱ्याच्या हाती बंदूक न दिलेली बरी.

पुढे सरकारने हिंदुस्थानात खाजगी शिकाऱ्यांना .450 च्या रायफली बंद केल्या, कारण त्या जातीची काडतुसे वा गोळ्या बंडखोरांच्या मार्टिनीत जातील ही धास्ती; त्यातून .470 सारखी नवी मापे जन्मास आली. स्वातंत्र्यानंतर 1959 च्या हत्यार कायद्याने पिकांच्या खऱ्याखुऱ्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीस परवान्याची वेगळी वाट ठेवली. भुदरगड-आजऱ्याकडे गवा व रानडुक्कर उसात शिरतात. परंतु 1972 च्या वन्यजीव कायद्यामुळे परवानगीवाचून जनावर मारता येत नाही, तेव्हा कास्तकाराने बार काढायचा तो हवेत, आणि गोळी नसल्याने त्या बारात नळीवर येणारा दाब गोळीच्या बारापेक्षा कमी असला, तरी नाममात्र नसतो.