शिलकेचा अर्थ

राज्याच्या तिजोरीत शिल्लक पडली म्हणजे प्रजा सुखी असलीच पाहिजे, असा एक समज रूढ आहे. परंतु ही शिल्लक कोणाच्या ताटातून आली, हे पाहिल्यावाचून तिचा अर्थ लागत नाही. हा प्रश्न २६ मार्च १९०२ रोजी कलकत्त्यास वरिष्ठ कायदे कौन्सिलात निर्भीडपणे विचारला गेला. विचारणारे होते रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक गावी जन्मलेले, पस्तीस वर्षांचे गोपाळ कृष्ण गोखले.

हिंदुस्थानचे पहिले अंदाजपत्रक जेम्स विल्सन यांनी १८६० साली मांडले. तथापि पुढे नवा कर बसवावयाचा असेल तरच कौन्सिलात जमाखर्चाची चर्चा होई. १८९२ च्या कायद्याने दरसाल चर्चेची मुभा दिली. मताचा अधिकार मात्र दिला नाही. हिशेब छापला जाई, भाषणे होत, आणि सरकारने ठरविलेले तसेच कायम राही.

त्या वर्षी सुमारे सात कोटी रुपयांची शिल्लक जाहीर झाली व अर्थमंत्र्यांवर अभिनंदनाचा वर्षाव झाला. गोखल्यांनी त्यात सामील होण्याचे नाकारले. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांनी खंगलेल्या देशात एवढी शिल्लक आली कोठून? गणेश व्यंकटेश जोशी यांच्या साह्याने त्यांनी उत्तर काढले ते सरकारच्याच आकड्यांतून. रुपयाचा भाव घसरत होता तेव्हा विलायतेस पाठवावयाच्या रकमांचा बोजा वाढला आणि तो भागविण्यासाठी कर चढविले गेले. १८८८ मध्ये मिठावरील कर मणामागे दोन रुपयांवरून अडीच रुपये झाला. पुढे रुपया एक शिलिंग चार पेन्सांवर स्थिरावला, बोजा हलका झाला. कर मात्र चढलेलेच राहिले. ही शिल्लक समृद्धीची नव्हे, गरजेहून अधिक वसुलीची खूण होती.

मिठाच्या या धोरणाची झळ गोमंतकालाही लागली होती. १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज तहाने तेथील मिठागरे इंग्रजांच्या नियंत्रणाखाली गेली व पोर्तुगीज सरकारला वार्षिक चार लाख रुपये मिळू लागले. तिजोरीच्या वहीत ती रक्कम जमा दिसे. मिठावर पोट भरणाऱ्यांचे नुकसान त्या वहीत कोठेच दिसत नसे.

गोखल्यांच्या हाती मत नव्हते, केवळ वाचलेला हिशेब होता. तरीही त्यांच्यासारख्यांनी लावून धरलेल्या मागणीपुढे सरकार हळूहळू नमले. मिठाचा कर १९०३ मध्ये दोन रुपये, १९०५ मध्ये दीड रुपया व १९०७ मध्ये एक रुपया झाला. गरिबाच्या भाकरीबरोबरचे मीठ तेवढे स्वस्त झाले.

आज आपल्या राज्यघटनेच्या २६५ व्या अनुच्छेदान्वये कायद्यावाचून कर बसविता येत नाही, आणि वार्षिक जमाखर्च संसदेपुढे ठेवणे बंधनकारक आहे. गोखल्यांना नव्हता तो मताचा अधिकार आपल्या प्रतिनिधींना आहे. परंतु १९०२ चे आकडेही गुप्त नव्हते. ते छापलेले होते, आणि अभिनंदन करणाऱ्यांनी तेच वाचले होते. हिशेब खुला करणे हे राज्यकर्त्यांचे काम. तो करदात्याच्या बाजूने वाचणे हे आपले. त्यात आपण कसूर केली, तर खुली वहीदेखील मिटल्यासारखीच होय.