पहिले आले म्हणून खरे?

वर्गात मुलांची दोन वाक्ये मी नेहमी ऐकतो. "सर, गुगलवर पहिलंच हे आलंय," म्हणजे ते खरेच. आणि "सर, गुगलवर नाहीये," म्हणजे ते जगातच नाही. दोन्ही समजुती तपासायच्या तर सर्च इंजिनाचा इतिहास पाहावा लागतो.

१९९० साली कॅनडातील मॅकगिल विद्यापीठात ॲलन एमटाज या विद्यार्थ्याने 'आर्ची' तयार केले. ते निरनिराळ्या संगणकांवरील फायलींची फक्त नावे गोळा करी. आतला मजकूर त्याला ठाऊक नसे. १९९४ मध्ये ब्रायन पिंकर्टन यांच्या 'वेबक्रॉलर'ने पानावरचा सगळा मजकूर सूचीत घ्यायला सुरुवात केली. मूळ रीत आजही तीच आहे. क्रॉलर हा प्रोग्राम एका लिंकवरून दुसऱ्या लिंकवर जात पाने वाचतो आणि कोणता शब्द कुठे आहे याची नोंद ठेवतो. आपण शोधतो तेव्हा सगळे इंटरनेट नव्हे, ही तयार सूची चाळली जाते.

इथेच आपल्या भाषा मागे राहिल्या. युनिकोडच्या १९९१च्या पहिल्या आवृत्तीत देवनागरी आणि अरबी दोन्ही लिप्या होत्या. तरी कित्येक वर्षे मराठी संकेतस्थळे आपापले वेगळे फॉन्ट वापरत राहिली. डोळ्यांना मराठी दिसे, यंत्राला मात्र रोमन अक्षरांची खिचडी. उर्दू वृत्तपत्रांनी तर नस्तालीकची अख्खी पाने चित्र म्हणून चढवली. मजकूर होता, पण सूचीत नव्हता. म्हणून तो 'नव्हताच'.

आता पहिल्या क्रमांकाचे. सुरुवातीला शब्द किती वेळा आला यावर बरेच अवलंबून असे. लबाडांनी एकच शब्द पानाच्याच रंगात शेकडो वेळा लिहून ठेवला. वाचकाला दिसेना, यंत्र फसले. १९९८ मध्ये स्टॅनफर्डच्या लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी 'पेजरँक'वरचा निबंध प्रसिद्ध केला. संशोधनात ज्या लेखाचा हवाला अनेकजण देतात, त्याचे वजन मोठे. यूजीन गारफिल्ड यांच्या 'सायन्स सायटेशन इंडेक्स'ने असे हवाले १९६४ पासूनच छापले होते. पेज-ब्रिन यांनी लिंकलाच हवाला मानले आणि वजनदार पानाने दिलेला हवाला अधिक मोलाचा ठरवला. आज क्रम लावताना इतरही असंख्य गोष्टी पाहिल्या जातात.

पण हवाले मोजणे वेगळे आणि तपासणे वेगळे. इतिहासाची एखादी चुकीची गोष्ट शंभर ठिकाणी उतरवली गेली, तर तीच वर येऊ शकते.

म्हणून मुलांना मी सांगतो: पहिले पान उघडा, पण विचारा, हे कोणी लिहिले, कधी, कशाच्या आधारे? आणि घरातल्या जुन्या वहीत, अंकात काही मोलाचे असेल, तर ते युनिकोडमध्ये टाइप करून ठेवा. उद्या कुणी शोधले, तर सापडायला हवे.