यंत्र सुरू झाले. पण शाबूत आहे का?

श्रोते हो, लोणार-मेहकरकडच्या एखाद्या शाळेचे चित्र डोळ्यांपुढे आणा. गुरुजी संगणकावर मुलांचे गुण भरत आहेत आणि मध्येच लाईट जाते. घटकाभराने वीज येते, यंत्र सुरू होते. सारे म्हणतात, "झालं, लागलं चालायला!" पण बैल पडून उठला, तर आपण त्याला लगेच औताला जुंपतो का? आधी त्याचे पाय चाचपतो.

संगणकात ऑपरेटिंग सिस्टिम नावाचा एक कारभारी असतो. कोणती फाईल कुठे ठेवली, याची वही तोच राखतो. १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन व डेनिस रिची यांनी युनिक्स हा असाच कारभारी घडवायला घेतला. यंत्र अवचित बंद पडले, की त्याची वही अर्धवट राही. तेव्हा १९७० च्या दशकाच्या अखेरीस टी. जे. कोवाल्स्की यांनी 'एफएससीके' ही तपासणी तयार केली. तिचे काम तलाठ्याच्या धर्तीचे. एकच तुकडा दोघांच्या नावावर लागला काय, एखादा बेवारस राहिला काय, हे ती पाहते. बेवारस फाईल सापडली तर वेगळ्या कप्प्यात ठेवते.

पण सातबारा चोख असला, तरी विहिरीला पाणी किती आहे ते त्यावरून कळत नाही. वही जुळली, आणि कारभाऱ्याच्या अंगातलाच भाग बिघडलेला असला तर? त्यावरचा उपाय असा, की ज्या मूळ लिखाणावरून तो घडवला, त्यावरूनच पुन्हा घडवायचा आणि जुना-नवा अक्षर न् अक्षर ताडून पाहायचा.

इथे थॉम्प्सन यांनीच १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानात इशारा दिला. घडवणारे हत्यार, म्हणजे कंपायलरच खोटा असेल, तर मूळ लिखाण निर्मळ असूनही माल खोटा निघेल. खामगावला कापूस घेऊन जाणाऱ्याला हे सांगायला नको. काट्याचाच संशय आला, तर त्याच काट्यावर दहादा तोलून काय उपयोग? दुसरा काटा पाहावा लागतो. २००५ साली डेव्हिड व्हीलर यांनी नेमके हेच मांडले: दुसऱ्या, स्वतंत्र कंपायलरच्या मदतीने घडवा आणि ताडा.

तरी एक अडचण होती. घडवण्याची तारीख, फोल्डरचे नाव असले डाग मालात उमटत, आणि निर्दोष नगही एकमेकांशी जुळत नसत. २०१३ पासून डेबियन या खुल्या प्रणालीच्या कार्यकर्त्यांनी हे डाग काढायला घेतले. आपल्या सी-डॅक संस्थेने २००७ साली आणलेली 'बॉस' प्रणाली याच डेबियनच्या पायावर उभी राहिली.

शाळेत कोणी प्रणाली घडवत बसणार नाही. तिथे खात्रीच्या प्रतीवरून ती नव्याने घालतात. ती प्रत खात्रीची ठरते, ती या कष्टांमुळे. मात्र गुरुजी, एक ध्यानात असू द्या. कारभारी पुन्हा घडवता येतो. मुलांचे गुण कोणत्याच मूळ लिखाणातून परत घडत नाहीत. त्यांची एक प्रत रोज संध्याकाळी निराळ्या जागी ठेवा, आणि ती उघडते की नाही, हेही अधूनमधून पाहत जा.